बाबांचं नाक

बाबांची पंचाहत्तरी घरी करायची नाही, हे माझ्या धाकट्या भावानं हैदराबादहून फोनवरच ठरवून टाकलं. मांडव नको, आचारी नको, आईनं सकाळपासून ओट्यापाशी उभं राहायला नको. नागपुरात एक नवीन मोठं हॉटेल झालं होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर चीन, जपान, थायलंड, कोरिया अशा सगळ्या देशांचं जेवण एका छताखाली मिळायचं. एकदा आत गेलं की हवं ते घ्यायचं, हवं तितकं खायचं.

"बाबांना चायनीज किती आवडायचं, आठवतं ना तुला?" तो म्हणाला.

मला चांगलंच आठवत होतं, आणि त्यामुळेच मी जरा वेळ गप्प बसले.

"काय झालं? नको का?"

"तसं नाही. कर तू बुक."

गप्प का बसले ते सांगायचं, तर आधी बाबांच्या नाकाबद्दल सांगायला हवं.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. दिसायला साधे, बोलायला बेताचे. चारचौघांत उठून दिसावं असं त्यांच्यापाशी काही नव्हतं. नाक मात्र होतं. ते नाक आमच्या घरात घड्याळासारखं किंवा रेडिओसारखं सगळ्यांच्या उपयोगाचं होतं. आई फोडणी घालायची आणि स्वयंपाकघरातूनच हाक मारायची, "अहो, पाहा बरं, हिंग जास्त झाला का?" बाबा बैठकीत पेपर वाचत असायचे. तिथूनच उत्तर यायचं, "हिंग बरोबर आहे. मोहरी जळली थोडी." शेजारच्या काकूंकडे नवीन तूप आलं की त्या वाटीत घालून आधी बाबांपुढे आणायच्या. बाबा वाटी नाकाशी धरायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "चांगलं आहे, पण कढवताना घाई झाली." काकूंना राग यायचा, तरी पुढच्या वेळी त्या पुन्हा यायच्याच.

आमचं मूळ गाव काटोलकडचं. लहानपणी उन्हाळ्याच्या जरा आधी आम्ही तिकडे एस.टी.नं जायचो. बस धुळीची, काचा खडखडणाऱ्या, आम्ही दोघं भावंडं पेंगुळलेली. बाबा खिडकीशी बसायचे. रस्त्यावर अजून काही दिसत नसायचं, ना गाव, ना पाटी. आणि बाबा एकदम सरसावून बसायचे. "बहार आला वं," आईला म्हणायचे. "पाहा, फुलली झाडं." आई म्हणायची, "मले तर डिझेलचाच वास येऊन राहिला." मग थोड्या वेळानं संत्र्याच्या बागा सुरू व्हायच्या, पांढऱ्या फुलांनी भरलेल्या, आणि तो गोड, जरासा कडवट वास आम्हालाही यायचा. भाऊ मला म्हणायचा, "बाबांना आपल्याआधी कसा काय येतो?" मला वाटायचं, मोठं झाल्यावर सगळ्यांनाच येत असेल. मी मोठी झाले, पन्नाशीला आले, मला अजून बस थांबल्यावरच येतो.

आणि चायनीज. आमच्या लहानपणी नागपूरच्या सदर भागात एक लहानसं चायनीज हॉटेल होतं. जिन्यानं वर जायचं, आत लाल कागदी कंदील, टेबलावर प्लास्टिकचं फुलाफुलांचं कापड. गल्ल्यावर बसणारी बाई चिनी चेहऱ्याची, पण बोलायची आपल्यासारखीच, अस्सल नागपुरी हिंदीत. आमचे शाळेचे निकाल लागले की बाबा आम्हाला तिथे न्यायचे. आई सुरुवातीला काही खायची नाही. "त्यात काय घालते कोणाले माहीत," म्हणायची आणि डब्यातून पोळी-चटणी न्यायची. बाबा मात्र सूपचा वाडगा आला की आधी त्यावर वाकायचे. आम्हालाही दटावायचे, "थांबा. आधी वास घ्या." आम्ही तिघं त्या वाडग्यांवर वाकून बसायचो आणि चष्म्यावर वाफ धरली की बाबा हसायचे. त्यांनी आईला वासावरूनच पटवलं होतं. "हे पाहा, आलं, लसूण, कांद्याची पात आणि सिरका. तुझ्या घरात नाही असं काय आहे याच्यात?" मग एका वर्षी आईनं त्यांच्याच वाडग्यातून एक चमचा चाखला. त्यानंतर पोळी-चटणीचा डबा घरी राहायला लागला.

ते हॉटेल केव्हाच बंद झालं. ती बाई कुठे गेली माहीत नाही. भावाच्या मनात मात्र ते चालूच असणार, कारण तो दूर राहतो. दूर राहणाऱ्यांच्या मनात गाव तसंच्या तसं राहतं.

बाबांचं नाक गेलं ते कोरोनात. दुसऱ्या लाटेत त्यांना झाला, मागच्या खोलीत त्यांना वेगळं ठेवलं, आई दाराबाहेर ताट ठेवायची. ताप गेला, खोकला गेला, अशक्तपणा हळूहळू गेला. आम्ही म्हटलं, वाचलो. सगळ्यांच्याच घरात तेव्हा एवढंच मोजलं जायचं, माणूस राहिलं की गेलं. वासाचं कोण विचारणार?

पण आईला काहीतरी खटकत होतं. बाबा जेवताना वरून मीठ घ्यायला लागले होते. तिखट मागायला लागले होते. चांगल्या वरणावर लाल तिखट भुरभुरायचे. विचारलं तर म्हणायचे, "छान झालं. फक्त थोडं फिकं वाटून राहिलं." आई माझ्यापाशी रडवेली झाली होती एकदा. "माझा हात बिघडला गं. इतक्या वर्षांत कधी नावं नाही ठेवली त्यांनी माझ्या हाताले."

मग एका दुपारी मी शाळेतून परस्पर माहेरी गेले. मी शाळेत शिकवते, माहेर वाटेवरच आहे. फाटकापाशीच मला करपल्याचा वास आला. आत धावले तर गॅसवर पुरणाची डाळ जळून कोळसा झालेली, स्वयंपाकघरात निळसर धूर, आणि बाबा तिथेच, जेवणाच्या टेबलाशी, शब्दकोडं सोडवत बसलेले. धुराकडे पाठ.

"बाबा! जळून राहिलं ना!"

त्यांनी मान वळवली. धूर पाहिला. उठले, गॅस बंद केला. त्या माणसाचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता, चोरी पकडल्यासारखा.

"तुझी आई शेजारी गेली. लक्ष ठेवा म्हणाली होती," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "मले नाही आला वास."

"सर्दी झाली का?"

"नाही. येतच नाही. त्या दुखण्यापासून नाही येत. कशाचाच." खुर्चीवर बसले. "तुझ्या आईले सांगू नको. ती उगाच जिवाले लावून घेते."

पण आई दारात उभी होती. वासावरून धावत आलेली, पदर खांद्यावरून घसरलेला. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ती रागावेल, इतके महिने लपवलं म्हणून. ती आत आली. चिमट्यानं भांडं उचललं, मोरीत ठेवलं, त्यावर पाणी सोडलं. चर्रर्र झालं. मग तिनं डाळीचा डबा काढला आणि पुन्हा डाळ निवडायला बसली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं एक गोष्ट सुरू केली. ती स्वयंपाक करताना बोलायला लागली. "फोडणी टाकली हो. जिरं तडतडलं. आता कढीपत्ता." मग थोड्या वेळानं, "सांबार टाकला वरून." आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. "चांगला ताजा आहे, मघाच आणला, हाताले वास राहिला." बैठकीतून बाबा म्हणायचे, "हं." आधी त्या 'हं'मध्ये नुसता संकोच होता. पुढे पुढे ते विचारायला लागले, "गोडा मसाला घातला का काळा?" आई सांगायची. ते डोळे मिटून घ्यायचे. आठवून पाहत असावेत. डॉक्टर झाले, नाकात थेंब झाले, सकाळ-संध्याकाळ लवंग आणि लिंबू हुंगून झालं. काही उपयोग झाला नाही.

भावाला सांगायला त्यांनी मनाई केली होती. "तो तिकडे एकटा. ऐकून काय करणार आहे? येऊन माझं नाक धरून बसणार आहे काय?"

तर असे आम्ही चौघं त्या हॉटेलात गेलो. आई मोतिया रंगाच्या साडीत, बाबा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, भाऊ आमच्यापुढे मिरवत. दुपारची वेळ होती. आत इतकं गार की आईनं पदर दोन्ही खांद्यांवर ओढून घेतला. मोठमोठ्या काचा, त्यातून खाली उन्हात पडलेलं नागपूर, झाडं आणि पाण्याच्या टाक्या आणि उड्डाणपूल. एका भिंतीशी सगळी मांडणी. एकीकडे कढयांतून ज्वाळा उठत होत्या, एकीकडे बांबूच्या टोपल्यांतून वाफ. पुढे बर्फावर मांडलेले मासे, मग जपानी भाताच्या गुंडाळ्यांचा काउंटर, मग फळं, मग मिठाया. लोक ताटं घेऊन शांतपणे फिरत होते. कुठेही घाई नव्हती, हाका नव्हत्या. मला ते सारं लग्नासारखं आणि दवाखान्यासारखं एकाच वेळी वाटलं.

"बापा!" आई म्हणाली. "हे सगळं आपल्यासाठी?"

"सगळ्यांसाठी आहे आई. पण तू हवं तितकं घे."

बाबा भिंतीकडे पाहत उभे होते. एवढं सगळं रांधलं जातंय, वाफा उठतायत, आणि त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही, हे मला त्यांच्या उभं राहण्यावरून कळत होतं. काचेआडून दुकान पाहावं तसे ते पाहत होते. मग त्यांनी खांदे सरळ केले आणि म्हणाले, "चला, भूक लागली."

भावानं त्यांना उठू दिलं नाही. "तुम्ही बसा. आज मी आणतो." तो जायचा आणि काहीतरी घेऊन यायचा. पांढरे, आरपार दिसणारे मोमो. तिळाचे गोळे. शेंगदाण्याच्या चटणीतले, काडीला टोचलेले तुकडे. बाबा सगळं खात होते, सगळ्याला छान म्हणत होते. मी पाहत होते, ते जिभेनं आणि दातांनी जेवत होते. कुरकुरीत ते पुन्हा घ्यायचे, मऊ तसंच बाजूला राहायचं.

मग भाऊ सूप घेऊन आला. लालसर, पातळ, वर पानं तरंगणारं. त्यानं वाडगा बाबांपुढे ठेवला आणि लहानपणीच्याच आवाजात म्हणाला, "थांबा. आधी वास घ्या!"

मी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे पाहत नव्हती. तिनं वाडगा जरा आपल्याकडे ओढला, जणू गरम आहे का पाहतेय, आणि खाली वाकली. मग बाबांच्या कानाशी, ओठ फारसे न हलवता, म्हणाली, "गवती चहासारखा आहे. आणि लिंबाची पानं चुरगाळल्यासारखा. आंबट."

बाबा वाडग्यावर वाकले. चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, अगदी सदरच्या त्या हॉटेलात घ्यायचे तसा, आणि मान वर केली.

"गवती चहा," ते म्हणाले. "आणि लिंबाची पानं आहेत, लिंबू नाही."

भावानं टेबलावर थाप मारली. "पाहिलं? पाहिलं का ताई? हे नाक! इतकी वर्षं झाली, अजून तसंच!" शेजारच्या टेबलावरच्या माणसानं वळून पाहिलं. भावाचा चेहरा इतका उजळला होता की मला तिथून उठून जावंसं वाटलं. बाबा हसत होते. चष्मा काढून वाफ पुसत होते, जरा जास्तच वेळ पुसत होते.

मला वाटलं, आता हे असंच चालणार. आई हुंगेल, बाबा सांगतील, भाऊ खूश होऊन हैदराबादला जाईल. तेही वाईट नव्हतं. त्या दोघांनी ते इतकं सफाईनं केलं होतं की त्यात मला त्यांचा सगळा संसार दिसला.

पण भाऊ पुढच्या वेळी जपानी काउंटरवरून ताट घेऊन आला. काळ्या पापुद्र्यात गुंडाळलेले भाताचे गोल तुकडे, आत काकडी आणि गाजर. बाजूला गुलाबी आल्याच्या चकत्या आणि एक हिरवी गोळी, सुपारीएवढी. ताट ठेवून तो आईसाठी फळं आणायला वळला. मी पाण्याचा पेला उचलत होते. बाबांना ती गोळी हिरव्या मिरचीच्या ठेच्यासारखी वाटली असणार. तिखटाची तर त्यांना सवयच झालेली. त्यांनी ती अख्खी गोळी भाताच्या तुकड्यावर ठेवली.

काउंटरमागचा आचारी ओरडला, "सर, वो थोडासा ही—"

तोवर तुकडा तोंडात गेला होता.

एक क्षण काही झालं नाही. बाबा चावत होते. मग त्यांचे डोळे मोठे झाले. हात नाकाकडे गेला. दुसऱ्या हातानं त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. चेहरा लाल झाला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"ठसका लागला!" आई उभी राहिली. "पाणी दे! अगं पाणी!"

भाऊ धावत आला, त्यांची पाठ चोळायला लागला. वाढणारी मुलगी पाणी घेऊन आली. बाबांनी हात वर केला. थांबा, म्हणून. पेलाही घेतला नाही. डोळे मिटून, नाकावर हात ठेवून ते तसेच बसून राहिले. पाणी गालांवरून सदऱ्यावर पडत होतं. मग हळूहळू श्वास परत आला.

"नाकात गेलं," ते म्हणाले.

"वासाबी आहे ते बाबा. एवढं खायचं नसतं, टिचभर घ्यायचं. सगळ्यांनाच जातं नाकात."

"सगळ्याइले जाते," बाबा म्हणाले. "मले नव्हतं जात." त्यांनी डोळे उघडले आणि आईकडे पाहिलं. "अवं, नाकात गेलं. इथपर्यंत." त्यांनी बोट नाकाच्या वर, कपाळाशी टेकवलं. "पार इथपर्यंत."

आई मटकन खाली बसली.

"म्हणजे काय?" भाऊ म्हणाला. "नव्हतं जात म्हणजे काय?"

मग आईनंच सांगितलं, सरळ, दोन वाक्यांत. त्या दुखण्यात गेलं नाक. तेव्हापासून वास नाही येत. भाऊ उभाच होता, हातात रुमाल.

"आणि मघाशी गवती चहा?"

"मी सांगितलं त्यांले," आई म्हणाली.

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याला राग आला होता, स्पष्ट दिसत होतं, आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं. "मला कोणी सांगितलं का नाही?" तो म्हणाला. "मी काय परका आहे?"

"मीच नको म्हटलं," बाबा म्हणाले. "तुले काहून सांगायचं? तू तिकडून फोनवर रोज विचारशील, आला का, आला का. मी रोज नाही म्हणू? तुह्याच्यानं ऐकवलं नसतं अन् माह्याच्यानं सांगवलं नसतं."

बाबांनी सदऱ्याच्या बाहीनं गाल पुसले आणि ताटात गोळी होती त्या जागेकडे बोट दाखवलं. "आता ते आण अजून. ते हिरवं."

तो गेला. काउंटरवर त्या आचाऱ्याशी काहीतरी बोलला. परत आला तेव्हा छोट्या पांढऱ्या बशीत नुसत्या हिरव्या गोळ्याच होत्या. त्यानं आपली खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी घेतली. बाबांनी या वेळी जपून घेतलं, बोटाच्या टोकावर. डोळे मिटले. आला, म्हणून मान हलवली. भावानं एक गोळी उचलली आणि अख्खी तोंडात टाकली.

"अरे, नको!" मी म्हटलं.

मग दोघंही, बाप आणि लेक, शेजारी शेजारी बसून डोळ्यांतून पाणी गाळत राहिले. आजूबाजूची माणसं हसत होती. आचारीही हसत होता. भावाला त्याची गरज होती असं मला वाटतं. एवढ्या लोकांत पुरुषमाणसाला रडायचं तर काहीतरी निमित्त लागतंच. बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि मधेच म्हणत होते, "गज्जब आहे गा हे. गज्जब."

नंतर आम्ही पुष्कळ जेवलो. बाबा स्वतः उठले, ताट घेऊन फिरले. आईला त्यांनी थायलंडचा आंबा-भात खायला लावला आणि ती म्हणाली, "हा तर आपला आमरस-भातच झाला की."

घरी आल्यावर त्यांनी एक एक गोष्ट हुंगून पाहिली. साबण, आईची तेलाची बाटली, देवघरातला कापूर, चहाची पत्ती. आम्ही बैठकीत बसून ऐकत होतो. डबे उघडल्याचे आणि मिटल्याचे आवाज येत होते. मग ते बाहेर आले आणि आरामखुर्चीत बसले. आम्ही काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी नाकाच्या डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, झोंबणं वेगळं आणि वास वेगळा. दोन्हींच्या नसा वेगळ्या. यांची झोंबण्याची नस शाबूत आहे, ती आधीही होतीच. यावरून वास परत येईल असं समजू नका. मी हे बाबांना कसं सांगावं याचा विचार करत होते. शेवटी व्हरांड्यात त्यांच्यापाशी बसले आणि जसं ऐकलं तसं सांगितलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले. मग, "मी तर समजलो होतो, इथून वर काही राहिलंच नाही." पुन्हा तेच बोट कपाळाशी. "भिंत बांधल्यासारखं. नस कोणती का असेना वं. काहीतरी आहे तिकडे, एवढं तर समजलं."

भावानं हैदराबादहून त्या हिरव्या वाटणाच्या ट्यूबा पाठवल्या, दात घासायच्या पेस्टसारख्या. बाबा भाकरीवर लावून खायचे. आई काही दिवस दुरून पाहत राहिली. एका दुपारी तिनं स्वतः नखावर घेऊन चाखलं. नाक मुरडलं, डोळे पुसले, आणि एकदम म्हणाली, "अवं माय, ही तर फेसलेली मोहरी!"

तिचं माहेर पारशिवनीकडचं. तिच्या आईच्या हातची मोहरी फेसलेली कोशिंबीर त्या पंचक्रोशीत नावाजलेली होती, असं ती सांगते. आमच्या घरी ती कधी झाली नाही, कारण बाबांच्या नाकाला ती सोसायची नाही. एवढ्या तीव्र नाकाला मोहरी म्हणजे शिक्षाच. आईनं लग्नानंतर ती सोडूनच दिली होती. आता तिनं माळ्यावरून दगडी खल काढायला लावला, धुतला, मोहरी टाकली, मीठ, थोडं थोडं पाणी, आणि फेसायला बसली. मोहरी पांढरट होऊन फुगायला लागली तशी ती उग्र वाफ वर आली आणि आई डोळे मिटून, मान बाजूला करून बत्ता फिरवत राहिली. "माझी आई म्हणायची, फेसणारणीच्या डोळ्याले पाणी नाही आलं तर मोहरी फेसलीच नाही समजायची."

पिकलेल्या पेरूच्या फोडी, दही, साखर आणि ती मोहरी. बाबांनी पहिला घास घेतला. आम्ही पाहत होतो. त्यांनी नाक धरलं, डोळे मिटले, आणि हुंकार दिला, पोटातून आलेला. "हे आपलं आहे," म्हणाले. "त्या जपानवाल्यापेक्षा हे भारी."

"मग! लग्नाले इतकी वर्षं झाली, तुम्ही खाऊ कुठे दिली मले?"

त्यानंतर घरात मोहरीचा सुकाळ झाला. काकडीत मोहरी, केळ्यात मोहरी, गाजराच्या लोणच्यात मोहरी. मी जेवायला गेले की आधी विचारायची, कशाकशात आहे ते. आणि आई स्वयंपाक करताना बोलायची थांबली. माझ्या ते लगेच लक्षात आलं नाही. बाबांच्या आलं. एकदा मी तिथे असताना ते बैठकीतून म्हणाले, "अवं, आज फोडणीत काय टाकलं? सांगितलं नाही."

"आता काहून सांगू? आता येते ना तुम्हाले."

"झोंबते. वास नाही येत." थोडं थांबून म्हणाले, "तू सांगत जा."

आईनं कढईतला डाव थांबवला. माझ्याकडे पाहिलं नाही. "लसूण टाकला," ती मोठ्यानं म्हणाली. "आता लाल व्हायला आला."

या हिवाळ्यातली गोष्ट सांगते. शाळेत मधल्या सुट्टीत माझा फोन वाजला. माहेरच्या शेजारणीचा, तुपाच्या वाटीवाल्या काकूंच्या सुनेचा. आवाज दबका, घाबरलेला. "ताई, तुम्ही लगेच येऊ शकाल का? मी गच्चीवर कपडे वाळत घालून राहिली होती, तुमच्याकडचं खिडकीतून दिसलं. काका-काकू दोघंही जेवणाच्या टेबलाशी बसून रडून राहिले. एकमेकांचा हात धरून. काही वाईट बातमी तर नाही ना?"

मी मुख्याध्यापिकांना सांगून निघालेच होते, पण रिक्षा मिळेपर्यंत धीर निघेना, म्हणून आईला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग आईनं उचलला. नाक वाहत होतं, आवाज बसलेला होता, आणि मागे बाबा मोठमोठ्यानं खोकत की हसत होते, ते कळत नव्हतं.

"आई, काय झालं? रडताय का तुम्ही?"

"काही नाही वं," आई म्हणाली. "मोहरी जास्त फेसली गेली. तू जेवली का?"